सुगंधाच्या समोर बसून

संतोषचा फोन आला तेव्हा मी गॅसवर पेज ढवळत होते. सुगंधाला लागायची तशी, चमच्यातून पटकन न ओघळणारी, दाट. आदल्या दिवशी डॉक्टर म्हणाले होते की ताप उतरतोय, उद्या दोन चमचे द्यायला हरकत नाही. म्हणून सकाळी उठल्या उठल्या तीच करायला घेतली होती. संतोष म्हणजे सुगंधाच्या भावाचा मुलगा, लोट्याला कारखान्यात पाळीवर कामाला. आत्याजवळ रुग्णालयात तोच थांबला होता. फोन कानाला लावला. मागे कुणाच्या चपला वाजत होत्या, ट्रॉली ढकलल्याचा आवाज येत होता... मग तो एवढंच म्हणाला, "वैजूआत्या, आता घाई नको करू. सावकाश ये." मी गॅस बंद केला, साडी बदलली आणि कोपऱ्यावर जाऊन रिक्षाला हात केला.

दिवाळी येऊन गेली, थंडी सुरू झाली, आणि मी आत्ता कुठे लिहायला बसले आहे. सुगंधा भुवड हे नाव वाचून फारसं कुणाला काही आठवणार नाही. पण रत्नागिरीत शिकायला किंवा नोकरीला राहिलेल्या, आता केस पिकलेल्या पुष्कळांना मारुती मंदिराच्या मागच्या गल्लीतली, पाटी नसलेली एक खानावळ आठवेल. दोन लांब बाकं, तेवढीच लांब टेबलं, आणि भाताचं भांडं कमरेवर घेऊन मधून फिरणारी ठेंगणी, कमी बोलणारी बाई. सगळे तिला मावशी म्हणायचे. ती सुगंधा, माझी लहानपणापासूनची मैत्रीण. तिच्या हाताच्या चवीबद्दल मी लिहिणार नाही, ती ज्यांनी खाल्ली त्यांना माहीत आहे. मला लिहायचंय ते तिच्या फुप्फुसांबद्दल. ऐकायला विचित्र वाटेल, पण तिचं सगळं आयुष्य त्या दोन फुप्फुसांनी ठरवलं, एकदा ऐन तरुणपणी आणि एकदा म्हातारपणी. आणि दोन्ही वेळा कारण झाला तो तोंडात घातलेला घास.

आमचं गाव संगमेश्वरच्या आतल्या अंगाला, डोंगराच्या कुशीत. आमची दोघींची घरं एकाच वाडीत, मधे फक्त एक काजूचं कुंपण. वाडीच्या खालून पऱ्या वाहतो. पावसाळ्याचा जोर ओसरला की त्या ओढ्यातल्या दगडांखाली किरवी सापडायची, म्हणजे गोड्या पाण्यातले खेकडे. घरी आणली तर त्यांचा झणझणीत रस्सा व्हायचा, चुलीवर चांगला रटरटून. पण घरापर्यंत नेण्याएवढा धीर आम्हाला नसायचा. सुगंधाचा भाऊ दगड उलथून किरवी पकडायचा आणि आम्ही तिथेच काटक्या पेटवून ती निखाऱ्यात टाकायचो. काटक्या ओल्या असायच्या, धूरच जास्त व्हायचा. मी घाबरट, त्यामुळे करपलेल्या नांग्या तेवढ्या चोखायची. सुगंधा मात्र पाठीचं कवच उचकटून आतलं सगळं खायची, कोमट आणि अर्धं ओलं असलं तरी. शेवटी बोटं चाटायची. तिला कुणी कधी अडवलं नाही. अडवण्यासारखं त्यात काही आहे हे वाडीत कुणालाच ठाऊक नव्हतं.

तिचं लग्न झालं तेव्हा मी रत्नागिरीला अध्यापिका विद्यालयात शिकत होते. नवरा मुंबईला नोकरीला, लालबागला खोली, घरात सासू आणि दीर. पहिलं वर्ष बरं गेलं असावं. गावी आली की ती हसून बोलायची, हातातल्या बांगड्या वाजवून दाखवायची. मग तिला खोकला लागला. साधा खोकला नव्हे. खोकून खोकून गंजासारखा तांबूस बेडका पडायचा, छातीत एका बाजूला कळ यायची. मुंबईतल्या डॉक्टरांनी फोटो काढला, डाग दिसला आणि क्षय ठरला. तो काळच तसा होता. तांबडं पडलं की क्षय, त्यापलीकडे विचार करायची कुणाला गरज वाटत नसे. सुया सुरू झाल्या, गोळ्या सुरू झाल्या. आणि घरात तिचं ताट वेगळं झालं.

त्या दिवसांबद्दल ती फार वर्षं काही बोलली नाही. पुढे, अगदी शेवटी शेवटी, तिनं मला सांगितलं की सगळ्यांची जेवणं आटोपली की सासू तिचं ताट मोरीच्या कडेला सरकवून ठेवायची. तिथं भिंतीकडे तोंड करून ती जेवायची, कारण तिचा श्वास कुणाच्या अंगावर जायला नको. नवरा तोवर बाहेर गॅलरीत उभा असायचा. तिला खोकला आला की तो दोन पावलं आणखी पुढे सरकायचा. "मला चप्पल वाजलेली कळायची गो," ती म्हणाली.

औषधं वर्षभर घेऊनही खोकला जाईना. सासरच्यांनी बरी होईपर्यंत राहा म्हणून तिला गावी आणून सोडलं. गावीही काही वेगळं नव्हतं. आई मायेची, पण आईच्या पदरात संतोषचा मोठा भाऊ, तेव्हा तान्हा, झोपलेला असायचा. सुगंधाचं अंथरूण पडवीत गेलं. मी सुट्टीत गेले तेव्हा ती पडवीच्या टोकाला बसून कुळीथ पाखडत होती. मी जवळ जायला लागले तशी तिनं हातातलं सूप आडवं धरलं, लहान मूल लपतं तसं, आणि म्हणाली, "तिथूनच बोल." मी तिथून बोलले नाही. जाऊन तिच्या शेजारी बसले. एक गोष्ट मात्र माझ्या लक्षात आली. ती वाळली नव्हती. गाल होते तसेच होते, दोन वेळचं नीट जेवत होती, पऱ्यावरून हंडा भरून आणत होती. क्षयाचं माणूस मी आमच्या चुलत्यांच्या रूपानं पाहिलं होतं, ते असं नव्हतं. मी तिच्या वडलांशी बोलले आणि तिला घेऊन रत्नागिरीला आले.

सरकारी दवाखान्यात तेव्हा एक वयस्कर डॉक्टर होते, लष्करात मणिपूरकडे नोकरी करून आलेले. त्यांनी तिची छाती तपासली, मुंबईचे फोटो खिडकीच्या उजेडात धरून पाहिले. मग त्यांनी विचारलं, "नदीतले खेकडे खाता का?" आम्ही दोघी एकमेकींकडे पाहून हसलो. आम्हाला वाटलं डॉक्टर कोकणात नवे आहेत, गप्पा मारताहेत. ते हसले नाहीत. त्यांनी परत विचारलं, "कच्चे, अर्धेकच्चे असे कधी खाल्ले आहेत?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी आम्हाला सूक्ष्मदर्शकातून पाहायला बोलावलं. तिच्या बेडक्यात एका जंताची अंडी होती. सोनेरी, लांबट, आणि एका टोकाला चक्क झाकण असलेली. सुगंधानं एक डोळा मिटून कितीतरी वेळ पाहिलं आणि म्हणाली, "डबाच की हा." डॉक्टरांनी असे रोगी मणिपूरकडे पाहिले होते, त्यांनी आम्हाला समजेल अशा भाषेत सगळं सांगितलं. त्या जंताची पिल्लं खेकड्याच्या अंगात असतात. खेकडा नीट शिजला तर ती मरतात. कच्चा राहिला तर माणसाच्या पोटात उतरतात, आतडं भेदून वर सरकतात आणि फुप्फुसात घर करून राहतात, वर्षानुवर्षं. फोटोत ते क्षयासारखंच दिसतं. पण ते एकापासून दुसऱ्याला होत नाही. कपातून नाही, ताटातून नाही, श्वासातून नाही. हे शेवटचं त्यांनी मुद्दाम दोनदा सांगितलं. सुगंधा मान खाली घालून ऐकत होती. तिनं फक्त एक विचारलं, "म्हणजे मी कुणाच्या शेजारी बसले असते तरी चाललं असतं?"

"चाललं असतं," डॉक्टर म्हणाले.

गोळ्या मोजक्याच दिवसांच्या होत्या. महिन्याभरात खोकला गेला, छातीतली कळ गेली. इतक्या लवकर गेली की मला त्याचा आनंद होण्याऐवजी रागच यायचा. मी तिला म्हणायची, आपण खटारा घेऊन डोंगर चढलो आणि मागून कळलं की खालून सपाट रस्ता होता. ती मुंबईला जायची तयारी करत होती. नवी साडी घेतली, सासूसाठी कोकमं आणि फणसाची साटं बांधून घेतली. तिच्याबरोबर मी गेले.

लालबागच्या त्या खोलीत आम्ही दुपारी पोचलो. मी मास्तरीण होणार होते, तेव्हा समजावून सांगायचं काम माझं. मी सगळं सांगितलं, डॉक्टरांनी सांगितलं त्याच क्रमानं. सासूनं शांतपणे ऐकलं. मी थांबले तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे हिच्या अंगात किडे होते."

होते, आता नाहीत, मी म्हणाले. पण ते शब्द तिच्यापर्यंत पोचलेच नाहीत. क्षयाची निदान लोकांना दया यायची, किड्याची किळस आली. तिच्या तोंडावरच ती दिसली. नवरा दाराशी उभा होता, त्याला मी सुगंधाची मैत्रीण म्हणून हक्कानं विचारलं की तुमचं काय म्हणणं आहे. तो म्हणाला, जरा खाली जाऊन येतो. आणि आम्ही तिथं होतो तोवर तो वर आलाच नाही. सासूनं चहा केला. मला कपबशीतून दिला, आणि सुगंधासाठी खिडकीच्या फळीवरून एक वेगळा ठेवलेला कप काढला. कान तुटलेला. ती गेल्यापासून कुणी तो हलवला नव्हता, त्यावर धूळ होती. सुगंधानं तो घेतला, मोरीपाशी जाऊन विसळला, चहा ओतून घेतला, सावकाश पिऊन पुन्हा धुतला आणि होता तिथेच परत ठेवला. सासूच्या पाया पडली. "येते" असं म्हणाली. जाते म्हणायचं नसतं म्हणून म्हणाली, एवढंच. जिना उतरताना मी तिचा हात धरला तर तो कोरडा होता, गार नव्हता. काही महिन्यांनी नवऱ्याचं दुसरं लग्न झाल्याचं कानावर आलं. तिनं भांडण काढलं नाही. वडलांनाही काढू दिलं नाही.

खानावळ सुरू झाली ती आमच्या शाळेतल्या तीन-चार शिक्षकांच्या डब्यांनी. मला नोकरी लागली होती, मी बरोबरच्यांना गळ घातली. डब्यांवरून ताटांपर्यंत पोचायला दोन पावसाळे गेले. कुळथाचं पिठलं, बांगड्याचं तिखलं, भाकरी, पांढराशुभ्र भात आणि सोलकढी. शुक्रवारी कधी खाडीचे खेकडे मिळाले तर तेही. एकदा मी तिला म्हणाले, तुला त्यांना हात लावावासा तरी कसा वाटतो? ती म्हणाली, "खेकड्यानं काय केलं गो? तो आपला पाण्यात होता." शिजवायची मात्र अशी की रस्सा अर्धा आटून जायचा. पोरं म्हणायची, मावशी, अजून किती वेळ? ती म्हणायची, बसा.

एवढ्या माणसांना तिनं जेवू घातलं, पण तिला जेवताना कुणी पाहिलं नाही. शेवटचं ताट उठलं, बाकं पुसली, की ती स्वयंपाकघराचं दार ओढून घ्यायची. आत भिंतीकडे तोंड करून, मांडीवर ताट घेऊन, भराभर चार घास. माझं लग्न झालं, मुलगी झाली, किती सणवार झाले. ती यायची, सगळ्यांना वाढायची, आणि पान मांडलं की काहीतरी काम काढून आत जायची. माझे यजमान तिला चिडवायचे, रागवायचेही. एकदा सुट्टीच्या दिवशी आम्ही दोघी आरे-वारेच्या समुद्रावर गेलो होतो. मी डबा नेला होता. तिनं आपल्या वाट्याची पोळी-भाजी हातावर घेतली, थोडी पुढे गेली आणि माझ्याकडे पाठ करून, समुद्राकडे तोंड करून बसली. मी हाक मारली तर मान न वळवता म्हणाली, "समोर कोणी असलं की घास उतरत नाय गो मला. तू जेव." वारा होता. तिच्या पाठीवरचा पदर फडफडत होता. मी माझा डबा खाल्ला. शेजारी माणूस असून इतकं एकटं मला पूर्वी कधी वाटलं नव्हतं. तिला तर ते रोजचंच होतं.

नवरा एकदा खानावळीत आला होता. तेव्हा बरीच वर्षं उलटली होती, तो जाडा झाला होता, चष्मा लागला होता. नात्यातल्या कुणाच्या कामाला रत्नागिरीत आलेला, बरोबर दोन पाहुणे. त्याला माहीत होतं की नव्हतं कोण जाणे. बाकावर बसला, मान वर केली आणि समोर भाताचं भांडं घेऊन ही. मी संध्याकाळी गेले तेव्हा ती नेहमीसारखी तांदूळ निवडत होती. मी विचारलं, मग काय केलंस? म्हणाली, वाढलं. तो काय म्हणाला? "कढी मागितली आणखी. वाढली." थोड्या वेळानं, तांदळातून नजर न काढता ती म्हणाली, "चार माणसांत बसून माझ्या हातचं जेवला."

माझे यजमान गेले, मुलगी पुण्याला स्थायिक झाली, मी निवृत्त झाले. सुगंधाची खानावळ चालूच होती. दोन वर्षांपूर्वी एका सकाळी भाकरी थापता थापता तिचा उजवा हात परातीतच राहिला. पक्षाघात. जीव वाचला, चालणंही थोडं आलं, पण बोलणं जड झालं आणि गिळणं बिघडलं. मी तिला माझ्या घरी आणलं. सुरुवातीला आमच्या काही लक्षात आलं नाही. पाणी प्यायली की ठसका लागायचा, आवाज ओला, घोगरा व्हायचा, आणि आम्ही म्हणायचो, ठसकाच तर आहे. मग एक दिवस तिला ताप भरला, श्वास लागला आणि न्यूमोनिया निघाला. तरुण डॉक्टरनं सांगितलं की अन्न-पाणी अन्ननलिकेऐवजी श्वासनलिकेत जातंय, तिथून फुप्फुसात, आणि तिथं कुजून संसर्ग होतो. पुष्कळदा ठसकाही लागत नाही, गुपचूप जातं. फोटो पाहता पाहता तो थांबला. म्हणाला, इथं जुना व्रण दिसतोय, आजींना पूर्वी कधी क्षय झाला होता का?

सुगंधाला तेव्हा एक शब्द बोलायला सगळा जीव एकवटावा लागायचा. तिनं डाव्या हातानं तोंडावरचा प्राणवायूचा मुखवटा बाजूला केला आणि म्हणाली, "नाय. खेकडा."

तो बिचारा माझ्याकडे बघायला लागला, त्याला वाटलं आजी भ्रमात आहेत. मी त्याला सगळं सांगितलं. ऐकताना तो खुर्ची ओढून बसला. सुगंधा माझ्याकडे बघत होती, आणि मी एखादी गोष्ट गाळते की काय याकडे तिचं लक्ष होतं.

गिळायचं शिकवायला एक मुलगी यायची, हसरी, नुकतीच शिकून आलेली. तिनं नियम सांगितले. ताठ बसायचं. हनुवटी छातीकडे झुकवून गिळायचं. घास लहान. तोंडात घास असताना बोलायचं नाही, हसायचं नाही. पाणी सगळ्यात वाईट, कारण ते पातळ, ते कुठेही वाट काढतं. म्हणून पेज दाट करायची, नाचणीची खीर दाट, चहासुद्धा दाट. जेवल्यावर अर्धा तास आडवं व्हायचं नाही, बसून राहायचं. आणि सर्वात महत्त्वाचं, ती मुलगी म्हणाली, यांना एकटीनं कधीही जेवू द्यायचं नाही. कुणीतरी समोर बसलंच पाहिजे, गिळलेलं दिसलं पाहिजे.

मी सुगंधाकडे बघायचं टाळलं. जिचा घास समोर कोणी असलं की उतरत नसे, तिला आता समोर कोणी नसेल तर घास घ्यायचीच बंदी झाली होती. पहिल्या दिवशी मी पेजेची वाटी घेऊन समोर बसले तर तिनं तोंड भिंतीकडे केलं. वाटी तशीच धरून बसले. पेज गार झाली, मी उठून कोमट करून आणली, पुन्हा बसले. तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि ते लकवा मारलेल्या बाजूनं नुसतं ओघळत होतं, ते पुसायला त्या बाजूचा हात उठत नव्हता. मग तिनं मान वळवली. हनुवटी खाली केली. एक चमचा घेतला. मी तिच्या गळ्याकडे बघत होते, घाटी वर जाऊन खाली आली. "मीठ?" ती म्हणाली. मीठ कमी होतं.

पुढे ती सरावली. मीही सरावले. मी माझं ताटही तिच्यासमोरच घ्यायला लागले, तिच्याइतक्याच संथपणे जेवायला लागले. दोघींनी मिळून एकही शब्द न बोलता एक वाटी पेज संपवायला पाऊण तास लागायचा. आणि नंतरचा तो सक्तीचा अर्धा तास. तेव्हा बोलायची मुभा होती. आयुष्यभर न बोललेली सुगंधा त्या अर्ध्या तासात बोलायची. अडखळत, अर्धे शब्द गिळत. मोरीपाशी सरकवलेलं ताट, गॅलरीतल्या चपला, हे सगळं मला तिथंच कळलं. मुंबईच्या खोलीतून समोरच्या गच्चीवरचं तुळशीचं रोप दिसायचं, त्याच्याशी ती मनात बोलायची, हेही तिथंच कळलं. मधेच दमायची, डोळे मिटायची, मला वाटायचं झोपली, तर पुढचं वाक्य यायचं.

वर्षभरानं दुसरा न्यूमोनिया झाला. या वेळी डॉक्टर म्हणाले, तोंडानं देणं थांबवून नाकातून नळी घालू या. संतोष रजा टाकून लोट्याहून आला होता, कारखान्याच्या कपड्यांतच. त्याला नळी हवी होती. त्याचं काही चुकलं नाही, त्याला आत्या हवी होती. त्याच्या आईच्या मागे तिनंच त्याला शिकवलं होतं, खानावळीच्या बाकावर त्याचा अभ्यास झाला होता. नळी घातली. सुगंधा काही आठवडे ती घेऊन पडून राहिली. पोट भरायचं, पण जेवायची वेळ म्हणून काही उरलीच नाही. पिशवी टांगायची, थेंब थेंब आत जायचं. मी समोर बसायची आणि मला करायला काही नसायचं. ती छताकडे बघत असायची. बोलणंही बंद झालं. मग तिनंच एकदा संतोषला जवळ बोलावलं आणि नळीकडे बोट केलं. तो म्हणाला, आत्या, काढली तर परत छातीत जाईल, डॉक्टर म्हणतायत. ती म्हणाली, "जाऊ दे."

तो रडायला लागला. तिनं त्याला रडू दिलं. मग माझ्याकडे हात करून, एकेक शब्द सुटा करून म्हणाली, "हिच्यासमोर बसून... जेवून... मरूदे मला."

डॉक्टर समंजस होते. त्यांनी संतोषला बाहेर नेऊन सांगितलं की नळीनंही धोका पूर्ण टळत नाही, लाळ जातेच, आणि बाईंना काय हवं आहे ते त्या स्पष्ट सांगताहेत. संतोष बराच वेळ जिन्यात उभा होता. आत आला तेव्हा म्हणाला, "काढा."

त्यानंतर ती सात-आठ महिने जगली. मला ते महिने थोडे वाटत नाहीत. बांगड्याच्या तिखल्यात भात पार मऊ कुसकरून, काटा कुठं राहिला नाही ना हे तीनदा बोटांनी पाहून मी तिला दिला आहे. तिनं डोळे मिटून तो खाल्ला आहे आणि नंतर सांगितलंय की तिरफळं जास्त झाली. गणपतीत मोदकाचं सारण, दुधात घोटून. कोजागरीचं दूध मात्र देता आलं नाही, ते पातळ. त्याच आठवड्यात एका दुपारी, जेवल्यानंतरच्या अर्ध्या तासात, तिनं मला विचारलं, "भाकरी थापायला मला कोणी शिकवलं, ठाऊक हाय तुला?" मी म्हणाले, कोणी म्हणजे, तुझ्या आईनं. ती हसली, तोंड एका बाजूला ओढून. "नाय गो," म्हणाली. मग कोणी? ती दमली होती. "उद्या सांगते," म्हणाली. दुसऱ्या दिवशी सकाळी तिला ताप होता. तिसरा न्यूमोनिया. रुग्णालयात ती फारशी बोलली नाही, आणि जे बोलली ते पाण्याबद्दल, ओठ ओले करण्याबद्दल...

गावी दिवसकार्य झालं तेव्हा मी वाडीतल्या जुन्या बायकांना विचारून पाहिलं. सुगंधाला भाकरी कोणी शिकवली? कुणी म्हणाली आईनं, कुणी म्हणाली आजीनं, एक म्हातारी म्हणाली, भाकरी काय शिकवायची असते? संतोषला तर काहीच माहीत नव्हतं. ज्यांना माहीत असेल ती माणसं तिच्याही आधी गेलेली. क्षुल्लक गोष्ट आहे, मला कळतं. तिच्या आयुष्यात याहून मोठ्या कितीतरी गोष्टी घडल्या आणि त्या मला माहीत आहेत. पण ही एक राहून गेली.

आता घरात मी एकटी आहे. पेज करत नाही, पातळ काहीही खाऊ-पिऊ शकते, उभ्या उभ्या जेवले तरी कुणी विचारणार नाही. तरी जेवायला बसले की बोलत नाही आणि जेवून झाल्यावर उठत नाही. हात धुऊन पुन्हा तिथेच येऊन बसते. परवा मुलीचा पुण्याहून फोन आला तेव्हा मी अशीच बसले होते. तिनं विचारलं, काय करतेयस? मी म्हणाले, जेवण झालंय, जरा बसले आहे. "टीव्ही तरी लाव," ती म्हणाली. हो म्हणाले. फोन ठेवला. टीव्ही लावला नाही. समोरची खुर्ची अजून भिंतीपासून थोडी पुढे ओढलेलीच आहे, तिला पाय लांब करता यावेत म्हणून ओढलेली. अर्धा तास व्हायला अजून अवकाश होता.